रोग गेला, हाताचे काय?

ऑक्टोबर महिना आला की स्तनांच्या कर्करोगासंबंधी जागृतीचे कार्यक्रम सर्वत्र सुरू होतात. गुलाबी फिती लावल्या जातात, पदयात्रा निघतात, व्याख्याने होतात आणि ‘वेळीच तपासणी करून घ्या’ हा संदेश गावोगाव पोहोचविला जातो. हे सारे आवश्यकच आहे, आणि त्याचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. गोव्यात २०२१ मध्ये ‘स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा’ या नावाने एक लाख स्त्रियांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवून जी मोहीम सुरू झाली, तीही याच जाणिवेतून. परंतु या सर्व खटाटोपात एका व्यक्तीची आठवण सहसा कोणाला होत नाही. जिचा रोग सापडला, जिच्यावर शस्त्रक्रिया झाली, जिचे औषधोपचार व किरणोपचार पार पडले आणि ‘आता तुम्ही बऱ्या आहात’ असे सांगून जिला घरी पाठविण्यात आले, ती ही स्त्री. घरी गेल्यावर तिचे काय होते? तिचा हात पूर्वीसारखा डोक्याच्या वर जातो काय? ती पाण्याची कळशी उचलू शकते काय? रुग्णालयाच्या दप्तरी तिचे प्रकरण यशस्वी म्हणून मिटलेले असते. तिच्या दृष्टीने मात्र एक नवे प्रकरण तेथूनच सुरू होते.

हा हाताचा प्रश्न मुळात काय आहे, हे प्रथम समजून घ्यावयास हवे. स्तनाचा कर्करोग पसरू लागला की तो बहुधा प्रथम काखेतील लसिकाग्रंथींत शिरतो. म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळी या ग्रंथीही अनेकदा काढाव्या लागतात. शरीरातील पेशींभोवती झिरपलेला द्रव गोळा करून पुन्हा रक्तात नेऊन सोडणे हे लसिकावाहिन्यांचे काम. काखेतील ग्रंथी गेल्या की हातातील द्रवाचा निचरा होण्याची वाटच अरुंद होते. मानशीचे दार नादुरुस्त झाले म्हणजे खाजनात पाणी तुंबावे, तसा हा द्रव हातात तुंबतो आणि हात सुजतो. वैद्यकाच्या भाषेत याला ‘लिंफिडीमा’ म्हणतात. ही सूज कधी शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांत येते, तर कधी काही वर्षांनी. एकदा ती मुरली की पूर्णपणे जाणे कठीण. हात जड होतो, बोटे आखडतात, ब्लाउजची बाही चढत नाही आणि साध्या खरचटण्यातूनही जंतुसंसर्ग होऊन ताप भरतो.

वैद्यकशास्त्राला हे ठाऊक नव्हते असे नाही. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील विख्यात शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी स्तन, त्याखालील छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी असे सारे एकत्र काढून टाकणाऱ्या शस्त्रक्रियेचे आपले अनुभव १८९४ मध्ये प्रसिद्ध केले, आणि पुढे पाऊण शतक जगभर तीच पद्धत प्रमाण मानली गेली. त्याच हॉल्स्टेड यांनी १९२१ मध्ये या शस्त्रक्रियेनंतर येणाऱ्या हाताच्या सुजेवर लिहिताना तिला शल्यक्रियेतून उद्भवलेला हत्तीरोग असे नाव दिले होते. पुढे मिलानचे डॉ. उंबेर्तो व्हेरोनेझी आणि पिट्सबर्गचे डॉ. बर्नार्ड फिशर यांनी स्तन राखूनही तितकेच यश मिळू शकते हे १९८१ व १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांतून दाखवून दिले, आणि शस्त्रक्रियेचा आवाका कमी झाला. काखेतील पहिल्याच एक-दोन ग्रंथी तपासून पुढचा निर्णय घेण्याची पद्धतही नंतर आली. तरीही प्रश्न संपलेला नाही. जगभरातील अभ्यासांचा जो एकत्रित आढावा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यानुसार काखेतील ग्रंथी पूर्णपणे काढलेल्या दर पाच स्त्रियांपैकी सुमारे एकीचा हात सुजतो. केवळ पहिल्या ग्रंथी काढल्या असतील तर हे प्रमाण शेकडा साडेपाचच्या आसपास राहते. आपल्याकडे अनेक स्त्रिया रोग बराच वाढल्यावर डॉक्टरांकडे जातात. त्यांच्या बाबतीत मोठी शस्त्रक्रिया टळत नाही, आणि मग हाताचा धोकाही टळत नाही.

या धोक्यावर वैद्यकाने जो उपाय वर्षानुवर्षे सांगितला तो एका वाक्याचा होता: त्या हाताने जड काही उचलू नका. काही डॉक्टरांनी वजनाची मर्यादाही घालून दिली. त्यामागील तर्क वरवर पाहता पटण्याजोगा होता. श्रम केले की हाताकडे रक्त अधिक येणार, द्रव अधिक झिरपणार आणि आधीच अरुंद झालेली वाट तुंबणार. परंतु हा तर्क बरोबर आहे की नाही, हे पडताळून पाहण्याची तसदी दीर्घकाळ कोणी घेतली नाही. सल्ला एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जात राहिला आणि कालांतराने त्याला नियमाचे रूप आले.

या नियमाची किंमत कोणी मोजली? ज्या घरात कामाला माणसे आहेत, त्या घरातील स्त्री कदाचित हा सल्ला पाळू शकेल. पण डोक्यावर मासळीची पाटी घेऊन दारोदार फिरणारी स्त्री, चिखलात वाकून लावणी करणारी स्त्री, काजूच्या कारखान्यात दिवसभर हात चालविणारी स्त्री, विहिरीचे पाणी ओढणारी आणि तान्ह्या मुलाला कडेवर घेणारी स्त्री यांना ‘हात वापरू नका’ असे सांगणे म्हणजे ‘जगू नका’ असे सांगण्यासारखेच होय. त्यांच्यापुढे दोनच मार्ग उरतात. एक तर सल्ला धाब्यावर बसवून मनात भीती बाळगीत काम करीत राहावयाचे, किंवा काम सोडून घरातील कोणावर तरी अवलंबून राहावयाचे. रोगातून वाचलेल्या स्त्रीवर ही पाळी यावी, आणि तीही न तपासलेल्या समजुतीपायी, ही खेदाची गोष्ट आहे.

ही समजूत प्रथम जाहीरपणे तपासून पाहिली ती कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील व्हँकुव्हर शहरात. तेथील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात क्रीडावैद्यकाचे अध्यापन करणारे डॉ. डॉन मॅकेन्झी यांना वाटले की व्यायामाने हात बिघडतो हे गृहीत धरण्यापूर्वी ते पाहावे तरी. १९९६ मध्ये त्यांनी स्तनांच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या सुमारे दोन डझन स्त्रियांचा एक संघ उभा केला आणि त्यांच्या हाती चक्क वल्हे दिले. ड्रॅगनच्या मुखाची लांबट चिनी होडी वीस जणांनी एका तालात वल्हवावयाची असते. वल्हवणे हे मुख्यतः खांदे, पाठ आणि हात यांचे श्रमाचे काम. नेमके ज्याला मज्जाव होता तेच! आधी व्यायामशाळेत स्नायूंना हळूहळू तयार करून आणि प्रकृतीवर सतत लक्ष ठेवून मगच या स्त्रियांना पाण्यावर नेण्यात आले, आणि त्या वर्षीच्या शर्यतीत त्या उतरल्याही. दोन वर्षांनी, १९९८ मध्ये, डॉ. मॅकेन्झी यांनी कॅनडाच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात आपले निरीक्षण प्रसिद्ध केले. एकाही स्त्रीला नव्याने सूज आली नव्हती. आज अशा वल्हवणाऱ्या स्त्रियांचे शेकडो संघ तीसहून अधिक देशांत आहेत.

एवढ्याने सिद्धांत प्रस्थापित होत नाही, हे खरे. संघ लहान होता, स्त्रिया स्वेच्छेने व उत्साहाने आलेल्या होत्या, आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. डॉ. मॅकेन्झी यांच्या प्रयोगाने जुन्या नियमाला शंकेच्या जागी आणून ठेवले. त्याचा निकाल लावण्याचे काम अमेरिकेतील संशोधिका डॉ. कॅथरिन श्मिट्झ यांनी केले. फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात असताना त्यांनी आधीच हात सुजलेल्या १४१ स्त्रिया निवडल्या आणि चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाने वर्षभर आठवड्यातून दोनदा, क्रमाक्रमाने वाढणारी वजने उचलावयाची. दुसऱ्याने आपला नित्यक्रम तसाच ठेवावयाचा. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हाताची सूज लक्षणीय वाढलेल्या स्त्रिया एका गटात शेकडा ११, तर दुसऱ्यात शेकडा १२, म्हणजे व्यायामाने सूज वाढली नव्हती. उलट, सूज अचानक बळावून उपचार घ्यावे लागण्याचे प्रसंग व्यायाम करणाऱ्यांत शेकडा १४ जणींवर आले, तर व्यायाम न करणाऱ्यांत शेकडा २९ जणींवर. पुढील वर्षी, ज्यांना सूज नव्हती पण तिचा धोका होता अशा १५४ स्त्रियांवरील दुसरा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या काखेतून पाच किंवा अधिक ग्रंथी काढल्या होत्या, त्यांच्यापैकी व्यायाम करणाऱ्या गटात शेकडा ७ जणींना सूज आली. न करणाऱ्या गटात शेकडा २२ जणींना.

या आकड्यांमागील कारणही ध्यानात घेण्यासारखे आहे. रक्त फिरविण्यासाठी हृदय आहे. लसिका पुढे ढकलण्यास स्नायूंच्या आकुंचनाचा मोठा हातभार लागतो. हात वापरलाच नाही तर तो दुबळा होतो, आणि दुबळ्या हाताला बाजाराची पिशवीदेखील भारी पडते. जो हात हळूहळू सवय करून बळकट केला, त्याला तेच ओझे हलके वाटते. मात्र येथे एक इशारा दिलाच पाहिजे. या चाचण्यांतील स्त्रियांनी सुरुवातीचे तीन महिने जाणत्या शिक्षकांच्या देखरेखीखाली, अगदी थोड्या वजनापासून आरंभ केला होता, आणि सूज असलेल्यांनी व्यायामाच्या वेळी हातावर योग्य दाब देणारी, मापाची बाही घातली होती. वाचलेल्या बातमीच्या भरवशावर उद्यापासून घागरी उचलू लागावे, असा याचा अर्थ कोणी करू नये. आपल्या डॉक्टरांना व भौतिकोपचार-तज्ज्ञांना विचारूनच पाऊल टाकावे. पण विचारावे अवश्य, आणि विचारल्यावर केवळ ‘जपून राहा’ एवढेच उत्तर मिळाले तर त्यावर समाधान मानू नये.

आम्ही या एका हाताविषयी इतके विस्ताराने लिहिले, कारण त्यात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. रुग्णाला मृत्यूपासून वाचविले की आपले कर्तव्य संपले, असे वैद्यकाने फार काळ मानले. न्यूयॉर्कचे डॉ. हर्बर्ट डीट्झ यांच्यासारख्या मोजक्या मंडळींनी कर्करोगाच्या रुग्णांचे पुनर्वसन हा उपचाराचाच भाग आहे, असे १९६९ पासून मांडले होते. स्वतः कर्करोगातून गेलेले डॉ. फिट्झह्यू मुल्लन यांनी १९८५ मध्ये असे दाखविले की रोगातून वाचणे ही एका क्षणाची घटना नसून ते टप्प्याटप्प्याचे जगणे आहे. पहिला टप्पा उपचारांचा, दुसरा रोग परत येईल काय या सावध प्रतीक्षेचा, आणि तिसरा रोग गेला तरी त्याच्या व उपचारांच्या खुणा घेऊन जगण्याचा. पहिल्या टप्प्यासाठी मोठमोठी रुग्णालये आहेत. दुसऱ्या व तिसऱ्यासाठी जवळजवळ काहीच नाही, ही त्यांची तक्रार होती. आज चाळीस वर्षांनंतरही ती बऱ्याच अंशी खरी आहे.

हे पुनर्वसन म्हणजे केवळ मनाला बरे वाटण्याची गोष्ट, असाही एक समज आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीने त्यालाही धक्का दिला. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया व औषधोपचार पूर्ण झालेल्या ८८९ रुग्णांपैकी एका गटाला तीन वर्षे नियमित, मार्गदर्शनाखालील व्यायामक्रम देण्यात आला. दुसऱ्याला केवळ आरोग्यविषयक माहितीची पुस्तिका. रुग्ण मुख्यतः कॅनडा व ऑस्ट्रेलियातील होते. आठ वर्षांनी व्यायाम करणाऱ्यांपैकी शेकडा ९०.३ जण हयात होते, तर दुसऱ्या गटातील शेकडा ८३.२. व्यायाम करणाऱ्यांना स्नायू व सांध्यांच्या दुखापती काहीशा अधिक झाल्या, हेही संशोधकांनी प्रामाणिकपणे नोंदविले आहे. स्तनांच्या कर्करोगाला हेच आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण उपचारानंतरची काळजी ही चैन नव्हे, एवढे यावरून निश्चित म्हणता येईल.

यावर कोणी म्हणेल की ही श्रीमंत देशांची कौतुके आहेत. तसे म्हणणाऱ्यांनी दूर व्हँकुव्हरला जाण्याची गरज नाही. परळपर्यंत गेले तरी पुरे. गोमंतकीयांचे आणि परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे नाते जुने आहे. १९४१ मध्ये सुरू झालेल्या या रुग्णालयाच्या उभारणीत ज्यांनी हयात वेचली ते डॉ. अर्नेस्ट बोर्जिस मूळचे गोमंतकीय. ज्या रस्त्यावर ते रुग्णालय उभे आहे त्याला आज त्यांचेच नाव आहे. याच रुग्णालयात डॉ. पूर्णा कुरकुरे यांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये, उपचार पूर्ण झालेल्या बालरुग्णांसाठी एक स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला. उपचार संपून दोन वर्षे रोगमुक्त राहिलेल्या मुलामुलींना तेथे नियमाने बोलावतात. औषधांनी हृदयावर परिणाम केला आहे काय, वाढ खुंटली आहे काय, शाळेत काही अडचण आहे काय, पुढे नोकरी व लग्न यांत अडथळे येत आहेत काय, यांची तेथे विचारपूस होते. एकेकाळचे हे बालरुग्ण मोठे झाल्यावर २००९ मध्ये ‘उगम’ या नावाने एकत्र आले आणि आज इतरांना धीर देतात. भारतीय परिस्थितीत, गर्दीने ओसंडणाऱ्या रुग्णालयात, तीन दशकांहून अधिक काळ हे काम चालू शकले. मग ते अन्यत्र का चालू नये?

गोव्यापुरते बोलावयाचे तर आपली परिस्थिती पुष्कळच अनुकूल आहे. राज्य लहान आहे, अंतरे कमी आहेत, आणि १८४२ मध्ये स्थापन झालेल्या वैद्यकीय शाळेचा वारसा सांगणारे बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आपल्यापाशी आहे. बांबोळीला कर्करोगासाठी स्वतंत्र रुग्णालय उभारण्याचे काम सरकारने हाती घेतले. इमारत, यंत्रसामग्री आणि खाटांची संख्या यांची चर्चा अशा वेळी भरपूर होते. आमची मागणी त्याहून साधी आहे. रोगमुक्त झालेल्यांच्या पुनर्वसनाचा विभाग या रुग्णालयात नंतर केव्हातरी जोडावयाचे शेपूट म्हणून असू नये. तो पहिल्या दिवसापासून असला पाहिजे.

त्यासाठी फार मोठा खर्च येईल असेही नाही. शस्त्रक्रियेपूर्वी प्रत्येक स्त्रीच्या दोन्ही हातांचा घेर ठरावीक जागी मोजून नोंदवून ठेवण्यास एक साधी फीत पुरते; पुढे सूज येऊ लागली तर या नोंदीवरून ती डोळ्यांना दिसण्यापूर्वीच कळते. घरी जाताना रुग्णाच्या हाती तिला वाचता येईल अशा मराठीत वा कोकणीत एक कागद द्यावा. कोणते उपचार झाले, पुढे कोणत्या तपासण्या केव्हा करावयाच्या, कोणती लक्षणे दिसताच धावत यावयाचे आणि हाताचा व्यायाम कसा वाढवावयाचा, हे त्यावर लिहिलेले असावे. म्हापसा व मडगाव येथील जिल्हा रुग्णालयांतील भौतिकोपचार-तज्ज्ञांना या कामाचे खास शिक्षण दिले, तर काणकोणच्या किंवा पेडण्याच्या स्त्रीला हाताच्या व्यायामासाठी बांबोळीचे खेटे घालावे लागणार नाहीत. दाब देणारी बाही व भौतिकोपचाराच्या फेऱ्या यांसाठी राज्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत निःसंदिग्ध तरतूद असावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे किती रुग्ण सापडले व किती दगावले यांच्या जोडीला, जे वाचले त्यांच्यापैकी किती जण आपल्या कामावर परतले, याचीही नोंद ठेवली जावी. ज्याची नोंदच होत नाही, त्याच्यासाठी अंदाजपत्रकात पैसा निघत नाही, हा आपल्या प्रशासनाचा जुना अनुभव आहे.

डॉक्टर आधीच कामाने वाकलेले आहेत, त्यांनी हे आणखी किती करावे, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. म्हणूनच हे सारे डॉक्टरांवर टाकावे असे आम्ही म्हणत नाही. मोजमाप परिचारिका घेऊ शकते, व्यायाम भौतिकोपचार-तज्ज्ञ शिकवू शकतो, आणि धीर देण्याचे काम त्याच वाटेने गेलेली दुसरी स्त्री सर्वांत उत्तम करू शकते. डॉक्टरांनी आपल्या बाह्यरुग्ण विभागात ‘गाठ पुन्हा आली काय’ या प्रश्नाच्या जोडीला ‘हात कसा आहे, काम करता काय’ हा प्रश्न विचारला, तरी अर्धे काम होईल.

उरलेले काम घराचे व समाजाचे आहे. आजारातून उठलेल्या सुनेला किंवा आईला ‘तू आता काही करू नकोस’ असे म्हणणे यात माया असते, हे आम्ही जाणतो. परंतु त्या मायेने तिचा हात आणखी दुबळा होतो आणि घरातील तिचे स्थानही हळूहळू आक्रसते. तिच्या सुजलेल्या हाताकडे टक लावून पाहणारे शेजारी, तिला परत कामावर घ्यावयास कांकू करणारा मालक, आणि घरात या आजाराचे नावही न काढता मुलीच्या लग्नाची चिंता करणारे नातेवाईक हे सारे तिच्या दुखण्यात भरच घालीत असतात. रोग संसर्गजन्य नाही, हे पुन्हा पुन्हा सांगावे लागावे, ही आपल्या सुशिक्षितपणाला शोभणारी गोष्ट नव्हे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या नोंदणी कार्यक्रमाने २०२२ या एका वर्षात देशात कर्करोगाचे सुमारे १४ लाख ६१ हजार नवे रुग्ण असतील, असा अंदाज केला होता. तपासणी आणि उपचार जसजसे सुधारतील, तसतसे यांतील अधिकाधिक लोक वाचतील, आणि वाचावेत अशीच सर्वांची इच्छा आहे. मात्र वाचलेल्यांची संख्या वाढत असताना त्यांच्या पुढील जगण्याची काहीच व्यवस्था नसेल, तर आपल्या वैद्यकीय यशाचा हिशेब अपुरा राहील. यंदाच्या ऑक्टोबरात गुलाबी फीत लावून व्यासपीठावर चढणाऱ्या मंत्र्यांनी व अधिकाऱ्यांनी तपासणीच्या आकड्यांबरोबर या प्रश्नाचेही उत्तर द्यावे. पाच वर्षांपूर्वी बऱ्या झालेल्या गोव्यातील स्त्रियांचे हात आज कसे आहेत, आणि ते पाहण्याची जबाबदारी सरकारने कोणावर सोपविली आहे?